वेगवेगळ्या काळातल्या बास्केटबॉल दिग्गजांचे बेस्ट सीझन कसे तोलायचे: स्टेप बाय स्टेप

अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये विल्ट चेंबरलेनने १९६१-६२ मध्ये मॅचमागे ५०.४ पॉइंट काढले, मायकल जॉर्डनने १९९०-९१ मध्ये ३१.५ आणि स्टेफ करीने २०१५-१६ मध्ये ३०.१. हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले की वाद तिथेच मिटला असं वाटतं, विल्ट कुठल्या कुठे पुढे आणि बाकीचे दोघं मागे. पण मिनिटं, खेळाचा वेग, त्या वेळचे नियम, प्लेऑफ (म्हणजे सीझननंतरची बाद फेरी) हे सगळं धरून तोललं तर क्रम उलटापालटा होतो. गावस्कर मोठा की सचिन यावर आपल्याकडे हेल्मेट आणि पिचबद्दल न बोलता वाद घालताच येत नाही, इथेही तसंच. तर मी हे कसं करतो ते पायरीपायरीने सांगतो, उदाहरणं मुख्यतः विल्ट, जॉर्डन, शॅकिल ओनील, लेब्रॉन आणि करीची घेतलीयेत, पद्धत तुम्ही कुणालाही लावू शकता.

सामान फार लागत नाही. बास्केटबॉल रेफरन्स या वेबसाइटवर प्रत्येक सीझनचं पान फुकटात बघता येतं, एक कॅल्क्युलेटर, एक वही, आणि जुन्या मॅचेस बघायला थोडा निवांत वेळ.

पायरी १: आधी प्रश्न ठरवा

बहुतेक भांडणं होतात कारण दोघं जण वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. प्रश्न तीन आहेत. एक, हा माणूस त्या सीझनमध्ये आपल्या काळातल्या बाकी सगळ्यांपेक्षा किती वर होता? दोन, त्याच्या खेळाने टीम चॅम्पियन व्हायची शक्यता किती वाढली? तीन, त्याला उचलून दुसऱ्या काळात टाकला तर काय होईल?

तिसरा प्रश्न गप्पांना मस्त आहे पण त्याला पुरावा कुठून आणणार, १९६२ चा विल्ट आजच्या ट्रेनिंगने, आजच्या आहाराने वाढला असता तर काय झाला असता हे कुणालाच तपासता येत नाही. म्हणून मी पहिले दोन प्रश्न धरतो आणि तिसरा फक्त दोघं अगदी बरोबरीत आले तरच बाहेर काढतो. तुम्ही उलटं केलंत तरी चालेल, पण वहीच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवा, नाहीतर मध्येच प्रश्न बदलतो आणि आपल्यालाही कळत नाही.

अजून एक गोष्ट इथेच ठरवायची, एकच सीझन की सलग तीन. मी एकच धरतो, पण मागचा पुढचा सीझन बघतो, म्हणजे तो आकडा नशिबाने एकदाच आला की खरंच तो माणूस त्या लेव्हलला होता ते कळतं.

पायरी २: त्याचा खरा बेस्ट सीझन कुठला ते शोधा

ही पायरी जवळपास सगळे गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. आपण ज्या सीझनचा आकडा सगळ्यात चमकतो तोच बेस्ट म्हणून उचलतो.

विल्टचंच घ्या. १९६१-६२: ५०.४ पॉइंट, २५.७ रिबाउंड (शॉट चुकल्यावर पकडलेला बॉल), सीझनमध्ये एकूण ४,०२९ पॉइंट. २ मार्च १९६२ ला पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात न्यूयॉर्क निक्सविरुद्ध १०० पॉइंटची मॅच, ६३ पैकी ३६ शॉट आणि ३२ पैकी २८ फ्री थ्रो (फाउलनंतर कुणी न अडवता मारायचा शॉट), तेही अशा माणसाकडून जो त्या सीझनमध्ये फ्री थ्रोला ६१ टक्क्यांवर होता. मॅचमागे सरासरी ४८.५ मिनिटं, मॅच ४८ मिनिटांची असते, म्हणजे ओव्हरटाइम धरून तो जवळपास कधी बाहेर बसलाच नाही. पण टीमचा रेकॉर्ड ४९-३१. कोच फ्रँक मॅग्वायरचा प्लॅनच होता की बॉल विल्टकडे द्या, आणि तो मॅचमागे ३९.५ शॉट मारत होता.

आता १९६६-६७ बघा. पॉइंट निम्म्याहून कमी, २४.१. शॉट मॅचमागे फक्त १४. पण फील्ड गोल (म्हणजे फ्री थ्रो सोडून बाकीचे शॉट) ६८.३ टक्के, २४.२ रिबाउंड आणि ७.८ असिस्ट (ज्या पासवर लगेच बास्केट होते तो), तेही सेंटर म्हणजे बास्केटखाली खेळणारा उंच खेळाडू असून. टीम ६८-१३. ईस्ट विभागाच्या फायनलमध्ये बोस्टनला ४-१ ने हरवलं, ज्या बोस्टनने त्याआधी सलग आठ टायटल जिंकली होती, आणि मग टायटलही घेतलं. त्यात मध्ये १९६४ मध्ये बास्केटखालचा पट्टा १२ फुटांवरून १६ फूट रुंद केला होता, मोठ्या सेंटरना बास्केटजवळ ठाण मांडता येऊ नये म्हणून, म्हणजे हा सीझन जास्त कठीण नियमात आला. माझ्यासाठी विल्टचा बेस्ट सीझन हाच आहे. ५०.४ हा आकडा थक्क करणारा आहे, पण टीम जिंकवण्याच्या प्रश्नाला त्याचं उत्तर १९६६-६७ एवढं चांगलं नाही.

जॉर्डनचंही असंच. १९८६-८७ मध्ये ३७.१ पॉइंट पण टीम ४०-४२ आणि पहिल्याच राउंडला बोस्टनकडून ३-० ने बाहेर. १९८७-८८ मध्ये ३५.० पॉइंट, ३.२ स्टील (समोरच्याकडून हिसकावलेला बॉल), १.६ ब्लॉक (हवेत अडवलेला शॉट), एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) आणि डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर दोन्ही, कागदावर याहून भारी सीझन सापडणं अवघड. पण मी १९९०-९१ घेतो. पॉइंट ३१.५ वर आले, शूटिंग ५३.९ टक्के, आणि मुख्य म्हणजे कोच फिल जॅक्सनच्या ट्रायअँगल ऑफेन्स या पासिंगवर चालणाऱ्या पद्धतीत बॉल सोडून खेळायला तो शिकला होता, मॅचमागे टर्नओव्हर (चुकून गमावलेला बॉल) जेमतेम २.५. इतका बॉल हातात असणाऱ्या माणसासाठी हा आकडा फार म्हणजे फारच कमी आहे. लेब्रॉनला २००८-०९ की २०१२-१३ हा तर अजून चालू असलेला वाद आहे, मी २०१२-१३ घेतो कारण तोपर्यंत त्याचा बाहेरचा शॉट बसला होता, थ्री पॉइंटर (लांबच्या रेषेबाहेरून मारलेला तीन पॉइंटचा शॉट) ४०.६ टक्के आणि फील्ड गोल ५६.५ टक्के.

पायरी ३: मिनिटं आणि वेग एका पातळीवर आणा

बॉल एका टीमच्या हातात आल्यापासून दुसरीकडे जाईपर्यंत एक पझेशन. मॅचमध्ये जितकी जास्त पझेशन तितके जास्त शॉट, जास्त पॉइंट, जास्त रिबाउंड. १९६१-६२ मध्ये अंदाजे १२६ पझेशन व्हायची, लीगमधली सरासरी टीम मॅचमागे ११८.८ पॉइंट काढायची आणि शंभरच्या वर शॉट मारायची. १९९०-९१ मध्ये पझेशन ९७.८. १९९९-२००० मध्ये ९३.१. २०१५-१६ मध्ये ९५.८. म्हणजे विल्टला जॉर्डनपेक्षा दर मॅचला जवळपास तीस टक्के जास्त संधी होत्या, आणि शिवाय तो साडेअकरा मिनिटं जास्त खेळत होता.

हिशोब सोपा आहे. आधी ३६ मिनिटांवर आणा, मग १०० पझेशनच्या वेगावर.

विल्ट १९६१-६२: ५०.४ भागिले ४८.५ गुणिले ३६ म्हणजे ३७.४. त्याला १२६ ने भागून १०० ने गुणलं की २९.७.
जॉर्डन १९९०-९१: ३७ मिनिटांत ३१.५, म्हणजे ३६ मिनिटांना ३०.६, वेग धरून ३१.३.
शॅक १९९९-२०००: ४० मिनिटांत २९.७, ते होतात २६.७, वेग धरून २८.७.
करी २०१५-१६: ३४.२ मिनिटांत ३०.१, ते होतात ३१.७, वेग धरून ३३ च्या आसपास. इथे मात्र थांबा, करीची टीम गोल्डन स्टेट लीगपेक्षा जास्त वेगाने खेळायची, टीमचा स्वतःचा वेग ९९ च्या वर होता, तो धरला तर ३२ च्या जवळ येतो. शक्यतो टीमचाच वेग वापरा, तो मिळाला नाही तर लीगचा.

बघा, ५०.४ आणि ३०.१ मधला वीस पॉइंटचा फरक गेला कुठे? उलट करी वर आला.

पण या हिशोबावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. १९७३-७४ च्या आधी ऑफेन्सिव्ह रिबाउंड आणि टर्नओव्हर वेगळे मोजतच नव्हते त्यामुळे जुना वेग हा अंदाज आहे. दुसरं म्हणजे मिनिटं कापताना आपण विल्टवर थोडा अन्याय करतो. सबंध सीझन ४८ मिनिटं खेळायची म्हणजे दमून खेळायचं, त्याने ३६ मिनिटं पूर्ण ताकदीने खेळली असती तर दर मिनिटाचे आकडे वरच गेले असते. आणि इतकी मिनिटं कोर्टवर उभं राहणं हीसुद्धा टीमला दिलेली मोठी गोष्टच आहे, करी बाहेर बसला की त्या १४ मिनिटांत दुसरा कुणीतरी खेळत होता ना. म्हणून मी वहीत दोन्ही आकडे लिहितो, मूळ आणि बदललेला, आणि निकाल दोघांच्या मधे कुठेतरी धरतो.

पायरी ४: शूटिंग त्या वर्षीच्या लीगशी ताडून बघा

ट्रू शूटिंग हा एकच आकडा घ्या, कारण त्यात टू, थ्री आणि फ्री थ्रो सगळं येतं. फॉर्म्युला: एकूण पॉइंट, भागिले दोन गुणिले (शॉट अधिक ०.४४ गुणिले फ्री थ्रोचे प्रयत्न). जुन्या काळात फ्री थ्रोचे नियम वेगळे असल्याने ०.४४ तिथे तंतोतंत बसत नाही पण काम भागतं.

एकदा हाताने करून बघा. करी २०१५-१६: २,३७५ पॉइंट, १,५९८ शॉट, ४०० फ्री थ्रो. ४०० चे ०.४४ म्हणजे १७६, शॉटमध्ये मिळवले की १,७७४, दुप्पट ३,५४८. २,३७५ भागिले ३,५४८ म्हणजे ६६.९ टक्के. त्या वर्षी लीगची सरासरी ५४.१. फरक १२.८.

असंच बाकीच्यांचं: जॉर्डन १९९०-९१ ला ६०.५, लीग ५३.४, फरक ७.१. शॅक ५७.८, लीग ५२.३, फरक ५.५, त्याला ५२.४ टक्के फ्री थ्रोने खाली ओढलं. लेब्रॉन २०१२-१३ ला ६४.०, लीग ५३.५, फरक १०.५. विल्ट १९६१-६२ ला ५३.६, आजच्या डोळ्याने हा आकडा सामान्य दिसतो पण लीगच ४७.९ वर होती, त्यामुळे फरक ५.७. आणि विल्ट १९६६-६७ ला ६३.७, लीग ४९ च्या आसपास, फरक १४ च्या वर!

आता इथे बरेच जण थांबतात आणि विल्ट १९६६-६७ सगळ्यात वर म्हणून जाहीर करतात. थांबू नका, १४ शॉट मारून इतकं अचूक असणं आणि २० शॉट मारून असणं यात फरक आहे. म्हणून मी अजून एक छोटी गोष्ट करतो. तेवढेच प्रयत्न लीगच्या सरासरी खेळाडूला दिले असते तर किती पॉइंट आले असते, आणि याने किती जास्त काढले? म्हणजे वरचा फरक गुणिले ते दुप्पट केलेले प्रयत्न, मग मॅचने भागा. करीचे येतात मॅचमागे साधारण ५.७ जास्तीचे पॉइंट. विल्ट १९६६-६७ चे ५.५. विल्ट १९६१-६२ चे ५.४, पण ते ४८ मिनिटं आणि १२६ पझेशनमध्ये हे विसरू नका. लेब्रॉन ४.४. जॉर्डन ३.७. शॅक २.८.

या यादीत जॉर्डन आणि शॅक मागे दिसतात, आणि ते खरंच आहे, नुसत्या शूटिंगच्या फायद्यात ते करीच्या मागेच आहेत. पण यात टर्नओव्हर नाहीत, डिफेन्स नाही, शॅकमुळे समोरचा अख्खा फ्रंटलाइन (बास्केटजवळचे उंच खेळाडू) फाउल ट्रबलमध्ये, म्हणजे फाउल वाढून बाहेर बसायच्या बेतात, जायचा ते नाही. आणि करीच्या बाबतीत, अर्ध्या कोर्टपासूनच दोन डिफेंडर त्याच्याकडे धावायचे आणि मागे त्याच्या टीममधल्या ड्रेमंड ग्रीनला चार विरुद्ध तीन खेळायला मिळायचं, तेही नाही. एक आकडा सगळं सांगत नाही म्हणूनच पुढच्या पायऱ्या आहेत.

पायरी ५: त्या वर्षीचे नियम लिहून काढा

प्रत्येक सीझनच्या पानावर वरती दोन-तीन ओळी लिहा. थ्री पॉइंट लाइन होती का? एनबीएमध्ये ती १९७९-८० ला आली, त्यामुळे विल्ट आणि करीम अब्दुल-जब्बार यांच्या बेस्ट सीझनला ती नव्हतीच. झोन डिफेन्स (एकेका माणसाऐवजी जागा राखणं) चालत होता का? २००१-०२ ला इल्लीगल डिफेन्सचा नियम काढला, तोपर्यंत बॉल नसलेल्या माणसाला सोडून मध्ये गर्दी करायला बंदी होती. हँड चेकिंग किती चालायचं? २००४-०५ पासून बाहेर ड्रिबल करणाऱ्याला हाताने अडवणं कडक बंद केलं.

बरेच जण यातली एकच बाजू सांगतात. जॉर्डनला हात लावून ढकलायचे, आज खेळला असता तर ४० काढले असते, हे ऐकलं असेल. पण त्याच जॉर्डनला बास्केटकडे जाताना आजच्यासारखी आधीच येऊन उभी राहिलेली मदत कमी भेटायची, आणि शॅकला १९९९-२००० मध्ये समोर एक मागे एक असं कोंडायला नियमाने अडचण होती. दोन्ही बाजू लिहा. माझा अनुभव असा की दोन्ही लिहिल्या की बहुतेक वेळा नियमांचा फायदा-तोटा बराचसा एकमेकांत वजा होतो, मोठा अपवाद फक्त थ्री पॉइंट लाइनचा. करीच्या ४०२ थ्री पॉइंटरना १९६२ मध्ये ८०४ पॉइंटच मिळाले असते. पण तो त्याच्या लीगमध्ये खेळला, लाइन सगळ्यांनाच होती आणि तरी त्याच्याइतके कुणीच मारले नाहीत, म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नासाठी मी त्याचा एकही पॉइंट कापत नाही.

पायरी ६: रिबाउंड, डिफेन्स आणि जे मोजलंच नाही ते

रिबाउंडचं पटकन सांगतो. साठच्या दशकात शॉट जास्त आणि चुकायचेही जास्त, १९६१-६२ ला लीग ४२.६ टक्के मारत होती, म्हणजे हवेत चुकलेले बॉल कितीतरी जास्त. विल्टचे २५.७ त्यामुळे फुगलेले आहेत, पण त्याच वर्षी बोस्टनचा सेंटर बिल रसेलचे २३.६ होते आणि बाकीचे सेंटर बरेच मागे, म्हणजे फुगा काढला तरी दोघं वरच राहतात.

डिफेन्स हे सगळ्यात अवघड. स्टील आणि ब्लॉक १९७३-७४ पासून मोजायला लागले, त्याआधीचा सगळा काळ कोरा. विल्टने, रसेलने, तरुण करीमने मॅचमागे किती ब्लॉक केले याचा अधिकृत आकडाच नाही. जिथे आकडा आहे तिथेही जपून, तो कोणीतरी माणूस कोर्टच्या बाजूला बसून मोजतो. जॉर्डनच्या १९८७-८८ मध्ये २५९ स्टील आहेत, त्यातले १६५ शिकागोत आणि ९४ बाहेर, म्हणजे घरी पावणेदोन पट. इतका फरक नुसत्या घरच्या प्रेक्षकांमुळे पडत नाही, घरचे मोजणारे हात सैल सोडून मोजत होते असंच वाटतं. जॉर्डन भारी डिफेंडर होताच, त्याच्या प्रत्येक मॅचमध्ये ते दिसतं, पण १९८७-८८ विरुद्ध १९९०-९१ तोलताना मी ते ३.२ स्टील पूर्ण वजनाने धरत नाही. हे घर-बाहेर तपासणं कुणाच्याही बाबतीत करा, पाच मिनिटांचं काम आहे.

मग डिफेन्ससाठी काय धरायचं? टीमचा डिफेन्स लीगमध्ये कितवा, ऑल-डिफेन्सिव्ह टीममध्ये (वर्षातल्या सर्वोत्तम डिफेंडरची निवडलेली यादी) नाव आहे का, आणि प्रत्यक्ष मॅच. शॅक आळशी डिफेंडर अशी एक समजूत आहे, ती पुढच्या वर्षांसाठी असेल, १९९९-२००० मध्ये तो मॅचमागे ३ ब्लॉक करत ऑल-डिफेन्सिव्ह सेकंड टीममध्ये होता. करी त्या सीझनला लीगमध्ये सर्वाधिक स्टील करणारा होता, तरी त्याला समोरच्या टीमच्या चांगल्या गार्डपासून लपवावं लागायचं, जॉर्डनला किंवा लेब्रॉनला कुणापासूनच लपवावं लागत नव्हतं. इथे जॉर्डन पायरी ४ मधलं अंतर भरून काढतो.

पायरी ७: तयार मेट्रिक वापरा, पण शेवटी

पीईआर नावाचा आकडा सगळीकडे फेकला जातो, जॉन हॉलिंजरने बनवलेला, त्यात लीगची सरासरी कायम १५ असते. आता गंमत बघा: विल्ट १९६१-६२ चा ३१.७, जॉर्डन १९९०-९१ चा ३१.६, लेब्रॉन २०१२-१३ चा ३१.६, करीचा ३१.५. म्हणजे हे सगळे एकाच वर्गातले, इतकंच तो सांगतो, कोण वर ते सांगायची ताकद त्यात नाही. शून्य दशांश एकवरून वाद घालणारे बघितले की मला वाईट वाटतं, जुन्या सीझनला तर त्यातले अर्धे घटक अंदाजाने भरलेले आहेत.

ऑन-ऑफ म्हणजे तो कोर्टवर असताना आणि नसताना टीम कशी खेळली, हे १९९६-९७ पासूनच सहज मिळतं. करीचा २०१५-१६ चा फरक दर १०० पझेशनला २० च्या वर आहे, भन्नाट, पण ड्रेमंड आणि क्ले थॉम्पसनही साधारण त्याच मिनिटांत खेळायचे हे लक्षात ठेवा. जॉर्डनशी हा आकडा ताडता येत नाही म्हणून त्याचा वापर मी करीची बाजू पक्की करायला करतो, जॉर्डनची कमी करायला नाही.

एमव्हीपीवर विसंबू नका. १९६१-६२ चा एमव्हीपी विल्ट नव्हता, रसेल होता! तेव्हा खेळाडू मतं द्यायचे, पत्रकारांकडे ते १९८०-८१ ला आलं.

पायरी ८: प्लेऑफ

रेग्युलर सीझनमध्ये आज हा तर उद्या तो असे समोर येतात, प्लेऑफमध्ये एकच टीम सात मॅच तुमच्यावरच अभ्यास करून येते. म्हणून मी याला साधारण निम्मं वजन देतो, काहींना ते जास्त वाटेल.

विल्ट १९६२: ५०.४ वरून ३५.०, शूटिंगही घसरलं. बोस्टनविरुद्ध सातव्या मॅचमध्ये २२ पॉइंट आणि टीम १०९-१०७ ने हरली. फक्त दोन पॉइंटने, तेही रसेलच्या टीमपुढे, त्यामुळे याला अपयश म्हणणं चुकीचं, पण ५० पॉइंटचा खेळ सगळ्यात चांगल्या डिफेन्सपुढे टिकला नाही हे खरं. १९६७ मध्ये त्याच विल्टचे प्लेऑफमध्ये २९.१ रिबाउंड आणि ९ असिस्ट.

करी २०१६: पहिल्याच राउंडला गुडघा दुखावला, परत आला तेव्हा पोर्टलंडविरुद्ध ओव्हरटाइममध्येच १७ पॉइंट मारले, पण फायनलमध्ये सरासरी २२.६ आणि ३-१ ची आघाडी गेली. दुखापतीचं काय करायचं? मी असं करतो, दुखापत खेळाडूची चूक नाही म्हणून त्याच्या क्षमतेतून काही कापत नाही, पण "टीम जिंकण्याची शक्यता किती वाढवली" या प्रश्नात ते येणारच, कारण ते प्रत्यक्षात घडलं.

शॅक २०००: फायनलमध्ये ३८.० पॉइंट आणि १६.७ रिबाउंड. दुसऱ्या मॅचला इंडियानाने मुद्दाम फाउल करकरून त्याला ३९ फ्री थ्रो मारायला लावले, त्याने १८ च टाकले, तरी ४० पॉइंट, २४ रिबाउंड आणि त्याची टीम लेकर्स जिंकली. त्याचा सगळ्यात मोठा दोष वापरूनही त्याला थांबवता आलं नाही, याहून चांगला पुरावा कुठला हवा.

जॉर्डन १९९१: प्लेऑफमध्ये ३१.१ पॉइंट आणि असिस्ट ५.५ वरून थेट ८.४. टीम १५-२. डेट्रॉइट, ज्यांनी आधीची सलग तीन वर्षं त्यांना बाहेर काढलं होतं, त्यांना ४-०. फायनलमध्ये मॅजिक जॉन्सनच्या लेकर्सविरुद्ध ११.४ असिस्ट.

पायरी ९: समोर कोण होतं

इथे थोडक्यात. १९६१-६२ ला ९ टीम होत्या, म्हणजे दर्जा दाटलेला आणि रसेल सारखा सारखा समोर, पण कृष्णवर्णीय खेळाडूंची संख्या टीममागे मर्यादित ठेवायची अलिखित पद्धत तेव्हा होती आणि परदेशी खेळाडू जवळपास नव्हतेच. १९७०-७१ ला करीमने, तेव्हाचा ल्यू अल्सिंडोर, ३१.७ पॉइंट आणि १६ रिबाउंडसह मिलवॉकीला ६६-१६ आणि टायटल मिळवून दिलं, पण त्याच वर्षी एनबीएमध्ये तीन नव्या टीम आल्या होत्या आणि एबीए ही वेगळी लीगही चालू होती, म्हणजे चांगले खेळाडू दोन लीगमध्ये वाटलेले. मी करीमला यासाठी थोडा खाली घेतो, फार नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटीही दोन वर्षांत चार नव्या टीम आल्या होत्या, तो न्याय जॉर्डनलाही लावा, आवडता खेळाडू म्हणून सोडू नका.

पायरी १०: पूर्ण मॅच बघा

हायलाइट नाही, पूर्ण मॅच. दर खेळाडूच्या निदान दोन, एक जिंकलेली आणि एक हरलेली. आणि बॉल सोडून फक्त त्याच्याकडे बघा, बॉल नसताना काय करतो, त्याच्यामुळे डिफेंडर कुठे सरकतात.

१९९१ च्या फायनलची दुसरी मॅच बघाच. सगळ्यांना आठवतो तो हवेत हात बदलून टाकलेला शॉट, पण मी सांगतो त्याआधीचा खेळ बघा. सलग १३ शॉट आत, १८ पैकी १५, आणि तरीही १३ असिस्ट. लेकर्सचा दुसरा डिफेंडर नुसता एक पाऊल पुढे टाकतो आणि बॉल आधीच मोकळ्या माणसाकडे गेलेला असतो. १९८७ चा जॉर्डन तिथे स्वतःच उडी मारून शॉट घ्यायचा. मी पायरी २ मध्ये १९९०-९१ का निवडला ते या मॅचमध्ये उघड्या डोळ्यांनी दिसतं, कुठल्याच मेट्रिकमध्ये इतकं स्वच्छ दिसत नाही.

करीसाठी २७ फेब्रुवारी २०१६, ओक्लाहोमा सिटी. १२ थ्री पॉइंटर, ४६ पॉइंट, ओव्हरटाइमला शेवटचं एक सेकंदही उरलेलं नसताना लांबूनच मारलेला विजयी शॉट. तो शॉट बघताना डिफेंडरकडे बघा, तो मागे मागे सरकतोय कारण तोपर्यंत तिथून कुणी मारतं हे त्याच्या हिशोबातच नव्हतं. विल्टच्या १०० पॉइंटच्या मॅचचा व्हिडिओ नाहीच, त्याच्या साठच्या दशकातल्या मोजक्या फितींवर भागवावं लागतं, आणि हा तोटा त्याच्या बाजूने थोडा धरून द्यावा असं मला वाटतं.

पायरी ११: निकाल लिहा, प्रश्नासकट

नुसतं "जॉर्डन बेस्ट" असं लिहू नका. प्रश्न, सीझन आणि कारण एका वाक्यात आलं पाहिजे. माझा निकाल असा: रेग्युलर सीझन आणि प्लेऑफ धरून, स्वतःच्या काळाच्या तुलनेत, जॉर्डन १९९०-९१ पहिला, कारण दोन्ही बाजूंना टॉप, टर्नओव्हर नगण्य आणि प्लेऑफमध्ये खेळ वाढला. त्याला अगदी चिकटून लेब्रॉन २०१२-१३ आणि शॅक १९९९-२०००, या दोघांत कोण वर ते मी दर वेळी बदलतो आणि त्यात काही चुकीचं नाही, फरक तेवढा बारीकच आहे. मग विल्ट १९६६-६७ आणि करीम १९७०-७१. फक्त रेग्युलर सीझनचा प्रश्न असेल तर करी २०१५-१६ सगळ्यात वर, जॉर्डनच्याही.

कुणी यावर वाद घातला तर निकालावर नका भांडू, कुठल्या पायरीवर मतभेद आहे ते विचारा. समोरच्याने प्लेऑफला निम्म्याऐवजी पाव वजन दिलं तर करी लगेच लेब्रॉनच्या शेजारी येतो, आणि मिनिटांना जास्त मान दिला तर विल्टचा १९६१-६२ सुद्धा परत यादीत येतो. ते वजन बदलून यादी पुन्हा मांडून बघा, अर्धा तास लागतो, आणि मग लेब्रॉन २००८-०९ ला हीच पद्धत लावा: ६६ विजय, ऑरलँडोविरुद्धच्या सिरीजमध्ये सरासरी ३८.५ पॉइंट आणि तरी टीम बाहेर. माझ्या निकालाला सगळ्यात मोठा धक्का देऊ शकेल असा सीझन तोच आहे.